मुलगी लाईक मोजत बसते, फोन काढून घेऊ का?

तुमची तेरा वर्षांची मुलगी इन्स्टाग्रामवर फोटो टाकते, लाईक कमी पडले की काढून टाकते आणि मग नीट जेवत नाही. फोन काढून घ्यावा का, असं विचारलंय तुम्ही. मी माझ्या लेकीचा काढून घेतला होता. चौथ्या दिवशी कळलं की बाईसाहेब मैत्रिणीच्या फोनवरून लॉगिन करतायत, आणि वर मला काही सांगतही नाहीत.

आमच्याकडे भडका उडाला तो ढोलपथकामुळे. लेक नववीत होती, कोथरूडहून रोज नदीपात्रात सरावाला जायची. कमरेवर पट्ट्याचे वळ, बोटांना चिकटपट्ट्या, पण खूश. मग रील टाकलं. हिला ४१ लाईक, त्याच रांगेतल्या मैत्रिणीला नऊशेच्या वर. रात्री विचारते, "आई, वाजवताना मी घाण दिसते का गं?" मी म्हटलं, "काहीतरीच! लाईकवर काय असतं?" तिथे मी चुकले. चाचणीचे पेपर मिळाले की "आणि बाकीच्यांना किती?" हे मीच विचारत आले होते. आकड्यावरून माणूस मापायचं ती घरातच शिकली.

रविवारी पोहे खाता खाता तिला म्हटलं, रील करतात कसं ते दाखव तरी. मैत्रिणीने ते एकवीस वेळा शूट केलं होतं म्हणे. खालचा आवाजही त्यांच्या ढोलांचा नव्हताच! मग तिने फिल्टर माझ्या तोंडावर लावला. हनुवटी निमुळती, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब. दोघी खूप हसलो. फिल्टर काढला आणि क्षणभर मला माझाच चेहरा नकोसा वाटला. सेहेचाळिसाव्या वर्षी! हे मी तिला तसंच सांगितलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी या विषयावर बोलायला लागली.

इन्स्टाग्राम ज्यांच्या मालकीचं, त्या फेसबुक कंपनीची आतली कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली होती. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के मुलींनी कंपनीलाच सांगितलं होतं. तेही तिला वाचायला दिलं. म्हणाली, "म्हणजे यांना माहीत होतं?"

सेटिंगचं म्हणाल तर लाईकचा आकडा लपवता येतो. भारतात २०२५ पासून अल्पवयीन मुलांसाठी टीन अकाउंट आहे: खातं खाजगी, अनोळखी लोकांचे मेसेज बंद, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प. सोळाच्या आतल्या मुलांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण आधी जन्मसाल तपासा. आमच्या कन्येने २००४ टाकलं होतं, म्हणजे कंपनीच्या लेखी ती कॉलेजकुमारी!

तिनेही एक अट घातली: तिचे मार्क आणि फोटो न विचारता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. मला जड गेलं, पण पाळतेय.

फक्त ते जेवण सोडणं हलक्यात घेऊ नका. आठ-पंधरा दिवस तसंच चाललं तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तोवर ताटावर बसल्यावर तिच्या जाड-बारीक असण्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढू नये. आजीनेसुद्धा.