शोध फिनले-रीड यांचा, मग नाव गॉर्गस यांचं का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, पनामा कालव्याचा विषय निघाला की अमेरिकी सैन्यातले डॉ. विल्यम गॉर्गस यांचं नाव घेतलं जातं. पण पीतज्वर (यलो फीव्हर) डासांमुळे पसरतो हे सांगितलं क्यूबाच्या कार्लोस फिनले यांनी आणि सिद्ध केलं वॉल्टर रीड यांच्या पथकानं. मग गॉर्गस यांनी केलं काय? धुरी दिली आणि रॉकेल ओतलं, एवढंच ना?

उत्तर : ‘एवढंच ना’ वाचून हसू आलं. मी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत आरोग्य अधिकारी होतो. ऑपरेशन करणारा सहकारी आला की सगळे उठून उभे राहत. मी आलो की कुजबुज, ‘आले डासवाले!’ तेव्हा या माणसाकडे माझा कल आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गॉर्गस यांना व्हायचं होतं लढाऊ अधिकारी. वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या अकादमीत, प्रवेश मिळेना, म्हणून डॉक्टर होऊन १८८० मध्ये ते सैन्यात शिरले. टेक्सासमधल्या फोर्ट ब्राउनला पीतज्वराच्या साथीत स्वतःच आजारी पडले आणि वाचले. एकदा झालेला पीतज्वर पुन्हा होत नाही. मग काय, जिथे साथ तिथे यांची बदली!

१८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर क्यूबाची राजधानी हवानाचं आरोग्यखातं त्यांच्याकडे आलं. घाणीतून पीतज्वर होतो हा तेव्हाचा समज, आणि गॉर्गसही त्याच मताचे. त्यांनी शहर घासूनपुसून लख्ख केलं. पीतज्वर उलट वाढला, कारण स्पेनहून येणाऱ्या नवख्या लोकांना तो आधी झालेला नव्हता. १९०० मध्ये रीड यांचे निष्कर्ष आले, तेही गॉर्गस यांच्या लगेच गळी उतरले नाहीत. तरी फेब्रुवारी १९०१ मध्ये त्यांनी डासांविरुद्ध मोहीम उघडली आणि सप्टेंबरअखेर हवानातून पीतज्वर गेला.

रीड यांच्या पथकानं दोन गोष्टी हातात दिल्या होत्या. रोगी पहिल्या तीनेक दिवसांतच डासाला रोग देतो, आणि तो डास साधारण बारा दिवसांनी दुसऱ्याला देऊ लागतो. गॉर्गस यांनी यावरून रोजचं काम आखलं. रोगी कळला की त्याला जाळीच्या आड ठेवायचं. त्याचं आणि शेजारपाजारचं घर फटी बुजवून बंद करायचं, आत धुरी द्यायची. दुसरीकडे घरोघरी पाण्याचं प्रत्येक पिंप तपासायचं, त्यावर झाकण किंवा रॉकेलचा थर. अळ्या सापडल्या तर घरमालकाला दंड.

हे तपासणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. आमच्याकडे पांढरा लांब दांड्याचा डाव असे. तो हलकेच तिरका बुडवायचा. पाण्यावर आपली सावली पडू द्यायची नाही, पडली की अळ्या तळ गाठतात. मग गप्प थांबायचं, श्वासासाठी त्या वर येतातच. मलेरियाच्या डासाची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते; पीतज्वराच्या डासाची डोकं खाली करून लोंबते. हे झालं एक पिंप! अंड्यापासून डास व्हायला दहाएक दिवस पुरतात, म्हणून त्याच पिंपाशी पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं. घरमालक वैतागणार, आपला शिपाई कंटाळणार, वरिष्ठ खर्च विचारणार. गॉर्गस यांनी हे गाडं अख्ख्या शहरात ओढलं.

१९०४ मध्ये ते पनामात गेले. फ्रेंचांचा प्रयत्न तिथे फसला होता आणि त्यात वीस हजारांच्या वर माणसं गेली असं मानतात. फ्रेंचांच्या अँकॉनच्या रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत. डासांची पैदास थेट रोग्याच्या उशाशी!

कालवा आयोगातल्या बड्या मंडळींना डासांची गोष्ट म्हणजे खूळ वाटत होतं. मागितलेलं सामान येईना. १९०५ मध्ये साथ भडकली, अमेरिकी कर्मचारी मिळेल त्या बोटीनं पळाले, मुख्य अभियंता जॉन वॉलेस यांनीही राजीनामा दिला. गॉर्गस यांनाच हटवा, अशी शिफारस अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेली. रूझवेल्ट यांनी आपले डॉक्टर मित्र अलेक्झांडर लँबर्ट यांचा सल्ला घेतला आणि गॉर्गस यांना ठेवलं. नवे मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स यांनी माणसं आणि पैसा मोकळा केला. सुमारे ४,००० माणसं, धुरीसाठी १२० टन पायरेथ्रम (फुलांपासूनची कीटकनाशक पूड) आणि ३०० टन गंधक. शिवाय शहरात नळाचं पाणी, म्हणजे घराघरातली पिंपंच नकोत. नोव्हेंबर १९०५ मध्ये पनामा शहरातला शेवटचा रोगी नोंदला गेला. माझ्या मते त्या यशातला निम्मा वाटा इंडेंटवर, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रावर, सही करणाऱ्या स्टीव्हन्स यांचा आहे. मलेरिया मात्र हटला नाही, फक्त कमी झाला.

प्रश्न : म्हणजे कालव्यावरचे मजूर त्यांनी वाचवले, असं म्हणायचं का?

उत्तर : सगळे नाही. अमेरिकी काळातले अधिकृत मृत्यू ५,६०९, आणि त्यांतले सुमारे ४,५०० वेस्ट इंडीजमधले कृष्णवर्णीय मजूर. जाळीची घरं प्रामुख्यानं गोऱ्यांना. हे मजूर दाटीच्या बराकींत राहत. त्यांना न्यूमोनियानं गाठलं. त्यांना बराकींतून काढून बायकामुलांसह स्वतंत्र झोपड्यांत राहू द्यावं, यावर गॉर्गस यांचा भर होता. तसं होऊ लागल्यावर न्यूमोनिया घटला, असं ते सांगत. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या रँड भागातल्या सोन्याच्या खाणमालकांनी न्यूमोनियासाठीच त्यांना सल्ल्याला बोलावलं. तिथेही त्यांनी तेच सांगितलं : बराकी मोडा, माणसं विखरून राहू द्या.