७८ × ७२ इंचांची लॅटेक्स गादी घरात आली आहे, आता पलंग कोणता घ्यावा?

आपल्या प्रश्नातील तपशील आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ राहील. ७८ × ७२ इंचांची, ८ इंच जाडीची लॅटेक्सची गादी आपण घेतली आहे. तिच्यासाठी १० × ११ फुटांच्या खोलीत पलंग ठेवायचा असून पांघरुणे आणि बॅगा ठेवण्यासाठी खाली खोका असलेला हायड्रॉलिक पलंग (गॅसच्या दांड्यांच्या आधाराने ज्याचे झाकण गादीसकट वर उचलता येते असा) आपल्या मनात आहे. गुडघेदुखी असलेल्या आपल्या आई वर्षातील काही महिने त्याच पलंगावर झोपणार आहेत. ‘किंग साइझचा कोणताही पलंग चालेल ना?’ असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि हायड्रॉलिक पलंगाविषयीही आपण पुन्हा विचार करावा असे मला वाटते.

‘किंग’ हे केवळ नाव आहे, माप नव्हे. आपल्याकडे ७२ इंच रुंदीच्या गाद्या ७२, ७५, ७८ आणि कधी ८४ इंच लांबीतही मिळतात आणि बहुतेक दुकानांत त्या सर्वांना किंगच म्हणतात. जुन्या घरांतील सागवानी पलंग बहुधा सहा बाय सहा किंवा सहा बाय सव्वासहा फुटांचे असतात. त्यांवर ७८ इंचांची गादी टाकली की ती पायथ्याशी बाहेर डोकावते. युरोपीय मापाच्या पलंगांची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे माप सेंटिमीटरमध्ये असते आणि १८० × २०० हे त्यांचे नेहमीचे माप. आपली गादी सेंटिमीटरमध्ये १८३ × १९८ भरते. म्हणजे लांबीत दोन सेंटिमीटर मोकळे राहतात आणि रुंदीत तीन सेंटिमीटर गादी मावतच नाही. नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः नेमकी हीच चूक केली. दुकानदाराने ‘किंगच आहे’ म्हटले, मी मेजर टेप न काढताच पैसे दिले आणि घरी आल्यावर गादी दोन्ही काठांच्या मध्ये दाबली जाऊन पोटात फुगून बसली. फोमची गादी गादीवाला कापून देऊ शकतो, पण माझी स्प्रिंगची होती आणि तिच्या कडेने तारेची चौकट असल्यामुळे ती कापता येईना. शेवटी सुताराने आतला प्लाय काठाच्या उंचीपर्यंत वर घेतला. गादी सपाट झाली खरी, पण अडवायला काठ उरला नसल्यामुळे ती अजूनही रोज थोडी सरकते.

म्हणून वेष्टनावरील आकड्यावर न थांबता आपली गादी प्रत्यक्ष मोजा. ती गुंडाळून आली असेल तर पूर्ण फुलायला दोन-तीन दिवस द्या आणि मगच टेप लावा. कडेची शिलाई मऊ असल्याने नुसत्या टेपने अंदाज चुकतो. गादीची एक बाजू भिंतीला टेकवावी, दुसऱ्या बाजूला एक सरळ फळी उभी धरावी आणि भिंतीपासून फळीपर्यंतचे अंतर घ्यावे. पलंगाचे माप विचारताना नेहमी ‘आतले माप’ असा शब्द वापरा, कारण जाहिरातीत बहुधा बाहेरचे माप असते. लांबी आणि रुंदी दोन्हींत एकेक इंच सूट पुरेशी आहे, म्हणजे आपल्यासाठी आतून ७९ × ७३. याहून अधिक फट राहिली तर चादरीचे टोक, मोबाइल आणि मुलांचे हात तिच्यात जातात. गादी ज्या खोलगट भागात बसते त्याचा काठ इंच-दीड इंच असावा. तो तीन-चार इंच असेल तर चादर खोचताना बोटे सोलतात आणि कडेवर बसले की लाकूड मांडीला रुतते.

सुताराकडून करून घेणार असाल तर चौकट ‘गुण्यात’, म्हणजे चारही कोपरे काटकोनात, आहे का हे दोन्ही कर्ण मोजून पाहा. ७९ × ७३ च्या चौकटीचा कर्ण अर्धा इंच कमी नऊ फूट, म्हणजे साधारण १०७½ इंच येतो. दोन कर्णांत पाव इंचाहून अधिक फरक पडला तर एका कोपऱ्यात गादी घट्ट आणि समोरच्या कोपऱ्यात सैल बसेल.

आता तळाविषयी, कारण लोक लाकूड सागवान की शिसम यावर महिनाभर चर्चा करतात आणि गादी प्रत्यक्षात ज्यावर टेकते त्या तळाकडे पाहतही नाहीत. माझ्या मते गादीचे आयुष्य तळावर अधिक अवलंबून असते. काथ्याची गादी ताठ असल्यामुळे पट्ट्यांमधील चार-पाच इंचांची फटही ती निभावून नेते. कापसाच्या गादीला सलग फळीच लागते, पट्ट्यांवर तिच्या लाटा होतात. लॅटेक्स मात्र लवचीक आणि जड असते, त्यामुळे ते फटींमध्ये हळूहळू उतरते आणि वर्षा-दोन वर्षांत पाठीला पट्ट्या मोजता येऊ लागतात. आपल्या गादीसाठी दोन पट्ट्यांमधील अंतर तीन इंचांच्या आत हवे, दोन असेल तर उत्तमच. सहा फूट रुंदीवर आडव्या पट्ट्या मधल्या आधाराशिवाय टिकत नाहीत. मधोमध लांबीच्या दिशेने एक तुळई हवी आणि तिला जमिनीवर टेकणारा किमान एक पाय हवा, दोन असल्यास अधिक चांगले. दुकानात वाकून हा पाय जमिनीला खरोखर टेकतो का ते पाहा. अनेकदा तो अर्धा इंच वर लटकत असतो. गादीच्या हमीपत्रातील तळाविषयीचे कलमही वाचून ठेवा, कारण अयोग्य तळामुळे आलेला खड्डा बहुधा हमीत बसत नाही.

सलग प्लायचा तळ आधाराच्या दृष्टीने निर्दोष आहे, परंतु त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली अडचण जोडाची. प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा असतो, त्यामुळे सहा फूट रुंदीसाठी दोन तुकडे जोडावेच लागतात आणि तो जोड नेमका मध्यावर येतो. त्याखाली पट्टी नसेल तर एक तुकडा खाली बसून पायरी तयार होते. दुसरी अडचण दमटपणाची. ठाणे, मुंबई, कोकण किंवा गोव्यातील पावसाळ्यात अंगाचा घाम गादीतून खाली उतरतो आणि प्लायवर, विशेषतः सनमायका लावलेल्या प्लायवर, अडकून राहतो. गादी उचलल्यावर खाली काळपट बुरशीचे ठिपके दिसतात ते त्यामुळेच. प्लायचा तळ घेतलाच तर त्याला फूटभर अंतराने इंचभर व्यासाची भोके पाडून घ्या आणि वरच्या बाजूला सनमायका लावू देऊ नका. बुरशीच्या भीतीने लॅटेक्सची गादी मात्र कापसाच्या गादीसारखी गच्चीत उन्हात टाकू नये. उन्हाने लॅटेक्स कडक होऊन त्याचा भुगा पडू लागतो. सावलीत, पंख्याखाली उभी करून ठेवणे पुरेसे आहे.

हायड्रॉलिक पलंगाबाबत माझी पहिली शंका वजनाची आहे. आपल्या मापाची लॅटेक्स गादी पन्नास-साठ किलोंची सहज असते आणि त्यात वरच्या झाकणाचे तीस-चाळीस किलो मिळवावे लागतात. या पलंगांतील गॅसचे दांडे बहुधा हलक्या फोमच्या गादीचा हिशेब धरून बसवलेले असतात. ते कमी ताकदीचे असतील तर झाकण वर उचलायला दोन माणसे लागतात आणि, त्याहून वाईट म्हणजे, वर गेलेले झाकण तेथे थांबेलच याची खात्री राहत नाही. दुकानदाराला गादीचे वजन लिहून द्या, त्या वजनाचे दांडे बसवून मागा आणि शक्य असल्यास तितके वजन ठेवून झाकण उघडून दाखवायला सांगा.

दुसरी शंका उंचीची, आणि आपल्या आईंच्या दृष्टीने हीच खरी महत्त्वाची आहे. पलंगाच्या कडेवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि मांड्या साधारण आडव्या राहिल्या पाहिजेत. त्यासाठी आईंना चप्पल न घालता खुर्चीवर बसवून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचे अंतर मोजा. समजा ते १६ इंच भरले. गुडघेदुखी असताना खालून उठणे अधिक त्रासाचे असते, म्हणून त्यात दोन इंच वाढवून बसण्याची उंची १८ धरू. बसल्यावर गादीची कड इंचभर दबेल, म्हणजे गादीसह एकूण उंची १९. त्यातून गादीचे आठ इंच वजा केले की तळ जमिनीपासून ११ इंचांवर यायला हवा. खोक्याच्या पलंगाचा तळ बहुधा १४ ते १६ इंचांवर असतो. त्यावर आपली गादी ठेवली की उंची २२ ते २४ इंच होते, आणि मग पाय लोंबकळत ठेवून कडेवरून घसरत उतरावे लागते. अकरा इंचांचा खोका करून घेता येईल, परंतु पाया आणि झाकण वजा जाता त्यात सात-आठ इंच खोली उरेल. तेवढ्यात दुलया मावतील, बॅगा नाहीत.

खोलीचाही हिशेब करा. १० फूट म्हणजे १२० इंच. पलंगाची बाहेरची रुंदी ७६ धरली तर ४४ इंच उरतात, म्हणजे दोन्ही बाजूंना बावीस-बावीस. एवढ्यात माणूस चालू शकतो, पण बाजूला उघडणारे खण पूर्ण ओढता येत नाहीत. पायथ्याकडे दोन फुटांचे कपाट असेल तर लांबीच्या १३२ इंचांतून पलंगाचे ८४ आणि कपाटाचे २४ जाऊन २४ इंच उरतील. हायड्रॉलिक झाकण पायथ्याशी उभे राहूनच उचलायचे असते, तेव्हा त्या फटीत एकदा प्रत्यक्ष उभे राहून पाहा.

मी आपल्या जागी असतो तर ११ इंचांवर तळ असलेला, दोन-अडीच इंचांवर पट्ट्या आणि मध्ये तुळई असलेला साधा लाकडी पलंग घेतला असता आणि बॅगांसाठी कपाटावर छतापर्यंत लॉफ्ट करून घेतला असता. पलंग खिळ्यांनी ठोकलेला नव्हे, बोल्टने जोडलेला घ्या. गादी वाकवून जिन्यातून नेता येते, सलग चौकट मात्र लिफ्टमध्ये मावत नाही. महिनाभर वापरल्यावर सगळे बोल्ट एकदा आवळले की करकर थांबते. उशाकडची फळी निवडताना तिची उंची गादीच्या वरून मोजा. जमिनीपासून ३६ इंचांची फळी १९ इंचांवर येणाऱ्या गादीच्या वर सतराच इंच दिसते आणि टेकून वाचणाऱ्याच्या पाठीला तेवढी जेमतेम पुरते.