कर शेवटी वजा करू नका

दोन कंपन्यांच्या बाजारात कर लागल्यावर प्रत्येकीचा नफा तुम्ही 540 काढलात. तो आकडा पाहताक्षणी चूक कळली, कारण ती माझ्या चांगल्याच ओळखीची आहे.

तुमचं उदाहरण असं: किंमत = 100 वजा एकूण उत्पादन, दोन कंपन्या, नगामागे खर्च 10, नगामागे कर 12. कूर्नो समतोल (दुसरीचं उत्पादन पाहता कोणालाच आपलं उत्पादन बदलावंसं वाटत नाही, अशी स्थिती) काढणं तुम्हाला येतंच, ते सोडतो. कराआधी प्रत्येकी 30 नग, किंमत 40, नफा 900. त्यातून 360 कर वजा करून तुम्ही 540 लिहिलंत. पण कर लागल्यावर 30-30 हा समतोल उरतच नाही. समोरची 30 वर ठाम असताना आपण 24 वर उतरलो, तर नफा 576 होतो. मग 540 वर कोण थांबेल? कर आधी खर्चात मिळवा, 10 चे 22 करा, मग सोडवा: प्रत्येकी 26 नग, किंमत 48, नफा 676. दोघींनी हात आखडल्याने किंमत 8 ने चढली आणि कराचा दोन तृतीयांश भार ग्राहकावर गेला. (हे प्रमाण सरळ रेषेतल्या मागणीपुरतंच, मागणीचा वक्र वेगळा असेल तर किंमत करापेक्षाही जास्त चढू शकते.)

खरी गंमत स्थिर खर्चात आहे, म्हणजे कितीही नग काढले तरी तेवढाच लागणारा, पण बाजार सोडला तर वाचणारा खर्च. तो प्रत्येकी 700 धरा. कराआधी दोघींना प्रत्येकी 200 उरतात. करानंतर 676 मधून 700 गेले की तोटा. एक बाहेर पडते. उरलेली 39 नग विकते, किंमत थेट 61! कर 12, वाढ 21. बाहेर कोण पडणार, हे मात्र मॉडेल सांगत नाही. तिथे निदान दोन समतोल आहेत (ही बाहेर किंवा ती बाहेर), एकच लिहून मोकळे होऊ नका.

नफ्यावरच्या टक्केवारी कराने 30 हलत नाही, हे तुमचं बरोबर. पण सगळा खर्च वजा करू दिला तरच. विक्रीवर 20 टक्के कर असेल, तर 10 चा खर्च 12.5 असल्यासारखा वागतो.

आणखी एक, जे बहुतेक जण विसरतात: कराचा पैसा जातो कुठे? जमा रक्कम दोघींत निम्मीनिम्मी परत वाटली, तर प्रत्येकीला आपल्याच कराचा अर्धा भाग परत मिळतो. कर 12 चा 6 होतो आणि उत्पादन 26 ऐवजी 28 येतं. परतावा मॉडेलमध्ये लिहिलेला नसेल, तर माझ्या मते ते मॉडेल अपुरं आहे.