शास्त्र वाचताना प्रश्न पडतात, म्हणजे माझा विश्वास डळमळला का?

सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती कुटुंबांतून समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या तोंडून एक काळजी मी वारंवार ऐकत आले आहे. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, एकट्याने वाचताना प्रश्न पडतात, ते घरात काढले तर ‘वचनावर शंका घेऊ नये’ असे ऐकावे लागते, आणि मग माणूस एक तर वाचणे सोडतो किंवा न समजता वाचत राहतो. ‘माझा विश्वास कमी पडतो का?’ हे माझ्यापर्यंत पोहोचते ते त्यानंतर, बहुधा झोप लागत नसल्याच्या तक्रारीआडून. एका परिचारिकेचा अनुभव, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगते.

मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय उभे राहिले, तेव्हापासून शुश्रूषेचे काम इथल्या अनेक ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. या ताई तशाच घरातल्या. नवजात बालकांच्या विभागात रात्रपाळी, सासरे मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच, आणि वर्षभरात संपूर्ण शास्त्र वाचून काढण्याचा तक्ता कपाटाच्या दाराला चिकटवलेला. २ शमुवेल या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायापाशी त्या अडल्या. दावीद राजाने उरीयाची बायको आपलीशी करून उरीयाला युद्धात मारवलेले असते. नाथान संदेष्टा दाविदाला हे पाप दाखवतो, दावीद ते कबूल करतो, आणि तरीही त्याचे तान्हे मूल सातव्या दिवशी मरते. ‘त्या बाळाचा काय दोष?’ असे त्यांनी सायंप्रार्थनेच्या वेळी विचारले, तेव्हा सासऱ्यांनी काही न बोलता पुस्तक मिटले.

“तक्त्यावर खूण रोज करते, मॅडम, पण काय वाचले ते सांगता येणार नाही.”

“प्रश्न पुन्हा विचारला तर काय होईल असे वाटते?”

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “माझ्या पाळीत एखादे बाळ दगावले, तर ते माझ्या अविश्वासामुळे, असे वाटेल.”

येथे एखादे तयार उत्तर देणे सोपे होते, कारण या अध्यायावर धर्मपंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु प्रश्नाला हात घालण्याआधी त्याभोवतीची भीती मोकळी करावी, हे माझे मत वर्षांगणिक पक्केच होत गेले आहे. घाबरलेल्या माणसाला उत्तर दिले की तो मान डोलावतो आणि भीती घेऊन घरी जातो. म्हणून दाविदाला बाजूला ठेवून मी त्यांना मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील तीस ते चौतीस ही वचने सावकाश वाचून यायला सांगितले. येशू आपल्या मरणाविषयी बोलतो, शिष्यांना ते कळत नाही आणि त्याला विचारण्यास ते भितात, असा तो भाग आहे.

पुढच्या भेटीत खुर्चीवर टेकण्याआधीच त्यांनी सुरुवात केली. “ते विचारायला घाबरले, आणि लगेच पुढे वाटेत भांडत काय होते, तर आपल्यात मोठा कोण! आमच्या घरात अगदी हेच चालते. समजले नाही असे कोणी म्हणत नाही, आणि कोणाचा विश्वास मोठा हे मात्र सगळे मोजतात.”

“आणि मग प्रश्न कोणी विचारला?”

त्यांनी पुस्तक उघडून पाहिले. “प्रभूनेच. वाटेत कशाची चर्चा करत होता, म्हणून. हे सगळे गप्प!” आणि त्या हसल्या, इतक्या भेटींत प्रथमच.

उतारा मी जाणूनबुजून निवडला होता हे खरे, पण भीती आणि मोठेपणाचा वाद यांची सांगड त्यांनी स्वतः घातली, याचे मला अजूनही समाधान वाटते. त्याच पुस्तकात शिष्य एकांतात दृष्टांतांचा अर्थ विचारतात, एका मुलातले भूत आपल्याला का काढता आले नाही हे घरात गेल्यावर विचारतात, आणि त्यांना उत्तर मिळते. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात तर देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवरच देव रागावतो, आणि दुःखात देवालाच जाब विचारणारा ईयोब यथार्थ बोलला असे म्हणतो. ज्यांना ही काळजी आहे त्यांनी मार्क आणि ईयोबातील हे दोन भाग आधी वाचावेत.

वाचताना तक्ता काही काळ बाजूला ठेवावा आणि जवळ वही घ्यावी. प्रश्न ज्या शब्दांत मनात आला त्याच शब्दांत लिहावा, त्याला सोवळे नेसवू नये. मग कोण बोलतो, कोणाशी, आधी काय घडले, हे पाहावे. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक १५५१ मध्ये आले, त्यामुळे आकडा संपला म्हणून थांबण्याचे कारण नाही. विचारायचेच झाले तर ‘मलाही हे नीट कळत नाही’ असे म्हणू शकणारा माणूस निवडावा. असा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, प्रत्येक मंडळीत असतोच असे नाही.

ताई पुन्हा बाराव्या अध्यायाकडे वळल्या. त्यांच्या विभागात बाळाच्या मनगटावर आईच्या नावाची पट्टी असते. येथे बाळालाही नाव नाही आणि पंधराव्या वचनात आईसुद्धा केवळ ‘उरीयाची बायको’ आहे, हे त्यांच्याच नजरेला दिसले. तिचे सांत्वन कोणी केले, असा पुढचा प्रश्न वहीत आला. चोविसाव्या वचनात दावीद ते करतो, आणि तेथे ती बथशेबा आहे, त्याची पत्नी आहे. बाळाच्या दोषाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. तो घेऊन त्या पाळकांकडे गेल्या. त्यांनी दिलेले उत्तर पुरेसे वाटले नाही, आणि तसे त्यांनी पाळकांना सांगितलेही.