सोंग की कांगावा? फुटबॉलमधल्या ‘सिम्युलेशन’ला मराठी शब्द

प्रश्न बडोद्याच्या दांडिया बाजारातून आला आहे. तिथल्या एका मंडळाला १४ वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल स्पर्धेचं नियमपत्रक मराठीत आणि गुजरातीत काढायचं आहे. लागलेलं नसताना लागल्याचं नाटक करून पंचांना फसवणाऱ्या खेळाडूला काय शिक्षा, या कलमापाशी गाडं अडलं. इंग्रजीत नियमाचा शब्द ‘सिम्युलेशन’, बोलण्यातला ‘डायव्हिंग’. मंडळात कुणी ‘ढोंग’ म्हणतं, कुणी ‘डाइव्ह मारणे’. नेमका शब्द कोणता, आणि पुढे ‘दंड’ लिहायचं की ‘शिक्षा’, अशी विचारणा आहे.

उत्तर आधी सांगून टाकतो. एका शब्दाच्या मागे लागू नका, दोन घ्या: लागल्याचं सोंग, आणि फाउल झाल्याचा कांगावा.

ही जोडी हौसेनं केलेली नाही. फुटबॉलच्या बाराव्या नियमात पिवळ्या कार्डाला पात्र असलेल्या अखिलाडू वर्तनाची यादी आहे. तिच्यात ‘पंचांना फसवण्याचा प्रयत्न’ आहे आणि त्याची उदाहरणं दोन दिली आहेत: दुखापतीचा आव आणणं, आणि आपल्याविरुद्ध फाउल झाल्याचं भासवणं. इंग्रजीनं दोन्हींवर सिम्युलेशन ही एकच चिठ्ठी डकवली, कारण तिच्याकडे वेगवेगळे सुटसुटीत शब्द नव्हते. आपल्याकडे ते घरात पडून आहेत.

दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत का, हे दोन गाजलेल्या प्रसंगांवर तपासता येतं. २००२च्या विश्वचषकात, ३ जूनला उल्सानमध्ये ब्राझील-तुर्कस्तान सामना संपत आला होता. कॉर्नर घ्यायला थांबलेल्या रिव्हाल्डोच्या अंगावर हाकान उन्सालनं चेंडू लाथाडला. चेंडू लागला पायाला. रिव्हाल्डो चेहरा धरून कोसळला. उन्सालला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. इथे समोरच्याचा गुन्हा खराच होता, त्यामुळे कांगावा म्हणता येणार नाही. खोटी होती ती फक्त जखम. हे शुद्ध सोंग. फिफानं नंतर रिव्हाल्डोला ११,५०० स्विस फ्रँकचा दंड केला, सामन्यांची बंदी मात्र घातली नाही.

आता दुसरा. ऑगस्ट २००९, चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी, आर्सेनल विरुद्ध सेल्टिक. गोलरक्षक बोरुत्स पुढे आला, आर्सेनलचा एदुआर्दो पडला, पेनल्टी मिळाली. जखमेचा प्रश्नच नव्हता. ‘यानं मला पाडलं’ एवढंच त्या पडण्यातून सांगायचं होतं. कांगाव्याला एक आरोपी लागतो. समोर कुणीतरी असल्याशिवाय कांगावा होत नाही. सोंग मात्र एकट्यानंही घेता येतं. प्रतिस्पर्धी दहा फुटांवर असताना पोटरी धरून गडाबडा लोळणारा सोंग घेत असतो, कांगावा करत नसतो. ‘कांगाव्यात आरडाओरडा हवा, हा तर गुपचूप पडला’ असा आक्षेप येईल. पडता पडता दोन्ही हात वर करून पंचांकडे बघणं हा फुटबॉलपटूचा आरडाओरडाच असतो.

पत्रक बडोद्याचं आहे, तर पद्धतही बडोद्याचीच वापरू. १९३१ साली इथे ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला. त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू अशा भाषांचे शब्द शेजारी शेजारी मांडले होते. शब्द असे शेजारी बसवले की कुठला कुठे ठेच खातो ते लगेच दिसतं. शिवाय हुतूतूचे नियम नीट बांधून स्पर्धा भरवणारं हिंद विजय जिमखाना इथलंच (१९२३), तेव्हा खेळाच्या नियमांची मराठी हा या गावाला परका विषय नाही.

‘डाइव्ह मारणे’ पहिल्या फेरीतच बाद. आपल्याकडे क्रिकेटनं तो शब्द आधीच बळकावला आहे आणि तिथे तो कौतुकाचा आहे. ‘काय डाइव्ह मारली!’ म्हटलं की डोळ्यांपुढे झेल येतो. वृत्तपत्री मराठीत त्यालाच ‘सूर मारणे’ म्हणतात, आणि गोलरक्षक तर प्रत्येक सामन्यात प्रामाणिकपणे सूर मारत असतो. ‘सूर मारणाऱ्यास पिवळे कार्ड’ असं छापलंत तर गोलात उभं राहायला पोरगं मिळणार नाही.

‘ढोंग’ची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. गुजरातीत हा शब्द हलका आहे. शाळा चुकवण्यासाठी पोट धरून बसलेल्या पोराला ‘ढोंग करे छे’ म्हणतात आणि विषय तिथे संपतो. बडोद्याच्या मराठीत तो तसाच सैल वापरला जातो. एरवीच्या मराठीत मात्र ढोंगाला नैतिक वजन आहे: ढोंगी बुवा, ढोंगी समाजसुधारक. ढोंग हा स्वभाव असतो, वर्षानुवर्षं चालतो. एकदा पडलेल्या १२ वर्षांच्या पोराला नियमपत्रकानं ढोंगी ठरवणं जास्त झालं. बोलण्यात खुशाल म्हणा, कलमात नको.

‘बतावणी’ मोहात पाडते, कारण बातम्यांत रोज भेटते: ‘पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबवले’. पण बतावणी तोंडाची असते. तमाशातली बतावणीसुद्धा बोलण्यावरच चालते. फुटबॉलपटू अंगानं खोटं बोलतो. ‘बहाणा’ही असाच; तो काहीतरी टाळण्यासाठी किंवा साधण्यासाठी सांगायचा असतो. आणि ‘अनुकरण’, ‘आभासन’ यांसारखी संस्कृत घडणीची भाषांतरं नकोतच. सिम्युलेटरवर विमान चालवायला शिकणारा वैमानिक कुणाला फसवत नसतो. फुटबॉलमधल्या शब्दात फसवणूक हाच गाभा आहे.

एक जुना खेळशब्द इथे हमखास सुचतो, तो म्हणजे ‘रडी’. रडीचा डाव, रडी खाणे. गुजरातीत त्याच्या जवळचा ‘अंचई’. पण रडी म्हणजे आपण बाद झालो हे कबूल न करणं, डाव मोडणं. तिचा रोख सवंगड्यांवर असतो, पंचांवर नाही; किंबहुना रडी तिथेच चालते जिथे पंच नसतो.

आता ‘सोंग’ का, ते. हा शब्द मुळात कलेचा आहे. बहुरूप्याची सोंगं, तमाशातला सोंगाड्या. त्यामुळे त्याच्याबरोबर येणारी क्रियापदं फार उपयोगी आहेत. सोंग घेता येतं, आणता येतं, आणि मुख्य म्हणजे ते वठतं किंवा वठत नाही. फुटबॉलच्या शिक्षेतला सगळ्यात नाजूक भेद या एका क्रियापदात बसतो.

मैदानावरचा पंच शिक्षा करतो ती न वठलेल्या सोंगाला. त्यानं ओळखलं म्हणूनच तर कार्ड निघतं. वठलेलं सोंग त्याला दिसतच नाही. तो पेनल्टी देऊन मोकळा होतो. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं मे २०१७ मध्ये या वठलेल्या सोंगांसाठी वेगळा नियम मंजूर केला. त्यात आरोपाचं नावच ‘पंचांची यशस्वी फसवणूक’ असं आहे. सामना संपल्यावर तीन जणांचं मंडळ चित्रफीत पाहतं. तिघांचं एकमत झालं, आणि त्या फसवणुकीतून पेनल्टी मिळाली असेल किंवा प्रतिस्पर्ध्याला लाल कार्ड मिळालं असेल, तरच आरोप ठेवला जातो. सिद्ध झाल्यास दोन सामन्यांची बंदी. प्रीमियर लीगमध्ये ती पहिल्यांदा भोगली एव्हर्टनच्या उमर नियासनं, नोव्हेंबर २०१७ मध्ये, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मिळवलेल्या पेनल्टीबद्दल.

एदुआर्दोचं प्रकरण याच भेदावर उलटलं. युरोपातल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या युएफानं त्याला आधी दोन सामन्यांची बंदी घातली. अपिलात ती उठली, कारण पंच खरोखर फसले होते हे समाधानकारकपणे सिद्ध झालं नाही. म्हणजे ‘फसवलं’ आणि ‘फसवू पाहिलं’ यांत दोन सामन्यांचं अंतर पडू शकतं. मराठीत ‘फसवणे’ म्हटलं की काम तडीस गेलं असाच अर्थ निघतो. तुमच्या कलमात म्हणून ‘पंचांना फसवणारा’ लिहू नका, ‘फसवू पाहणारा’ लिहा. नाहीतर एखादा चतुर प्रशिक्षक म्हणेल, पंच फसलेच नाहीत, मग कार्ड कशाचं?

‘पडणे’ या क्रियापदालाही जपा. ‘पडला’ यात कुणाचाच दोष नाही, ‘पाडला’ यात समोरच्याचा आहे. स्वतःहून पडणाऱ्यासाठी काहीजण ‘पडून घेतलं’ लिहितात. मराठी माणूस दुपारी जेवून पडून घेतो. पेनल्टी बॉक्समध्ये ते शोभत नाही. ‘अंग टाकून दिलं’ बरं. पण कलमात पडण्याचा उल्लेखच नको. नियम पडण्याला शिक्षा करत नाही. मूल घसरतं, तोल जातो, अंगावर येणारा पाय चुकवायला उडी मारून कोलमडतं. धक्का लागलेला असतो पण फाउल नसतो. यांतल्या कशालाही कार्ड नाही. ‘खोटे पडणे’ असं लिहिलं की पहिल्याच सामन्यात बाहेरून पालक ओरडणार, ‘पडला, पडला, कार्ड द्या!’

शिक्षेच्या शब्दांबद्दल. ‘दंड’ मराठीत आणि गुजरातीत पैशांचा. रिव्हाल्डोला झाला तो दंड. मुलांच्या स्पर्धेत दंड नाहीच, तेव्हा कलमाच्या मथळ्यात ‘शिक्षा’ ठेवा. हिंदीत तिचा अर्थ शिक्षण होतो, पण तुमचं पत्रक हिंदीत नाही. पुढची उतरंड मराठीत छान आहे. पंच नुसतं तोंडी सांगतो तेव्हा तो ‘समज देतो’. पोलीस समज देऊन सोडून देतात, तीच ही समज, कागदावर न येणारी. पिवळं कार्ड दाखवतो तेव्हा ‘ताकीद देतो’, आणि ती नोंदवली जाते. एकाच सामन्यात दुसरी ताकीद मिळाली की लाल कार्ड, मैदानाबाहेर. २००२ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध इटलीचा तोत्ती असाच गेला होता, दुसरी ताकीद सोंगाबद्दल. पुढचे सामने खेळू न देणं ती ‘बंदी’. समज आणि ताकीद यांची अदलाबदल करू नका; स्पर्धा अंगाशी येते ती बहुतेक इथेच.

कलम असं लिहिता येईल:

‘लागलेले नसताना लागल्याचे सोंग घेऊन, किंवा फाउल झालेला नसताना तो झाल्याचा कांगावा करून पंचांना फसवू पाहणाऱ्या खेळाडूला ताकीद देऊन पिवळे कार्ड दाखवले जाईल. त्यासाठी खेळ थांबवला असल्यास, प्रकार घडला त्या जागेवरून प्रतिस्पर्धी संघाला इनडायरेक्ट फ्री किक मिळेल. घसरणे, तोल जाणे किंवा धडक चुकवताना पडणे हे सोंग मानले जाणार नाही.’

यातलं ‘नसताना’ महत्त्वाचं आहे. ते गाळलं तर खरंच लागलेला आणि कळवळणारा पोरगाही कलमात सापडतो. ‘इनडायरेक्ट’ (जिच्यावर थेट गोल करता येत नाही ती फ्री किक) तसंच राहू द्या, मुलं तेच म्हणतात; ‘अप्रत्यक्ष मुक्त लाथ’ वाचून हसतील.

वेळ काढण्यासाठी लोळणाऱ्यांचं काय, हे विचारलेलं नाही, पण ते याच कलमात कोंबायचा मोह होईल. तो प्रकार वेगळा, त्याला ‘वेळकाढूपणा’ हा चोख शब्द आहे आणि त्यावरचा इलाजही वेगळा. मैदानात उपचार घेतलेल्या खेळाडूला साधारणपणे बाहेर जावं लागतं आणि खेळ सुरू झाल्यावर पंचांच्या परवानगीनंच परत यायचं असतं. प्रीमियर लीगनं २०२३-२४ च्या हंगामापासून त्याला किमान ३० सेकंद बाहेर थांबवायला सुरुवात केली. यात खरं-खोटं ठरवायची गरजच पडत नाही. डोक्याला लागल्याची शंका असेल तेव्हा तर मुलांच्या सामन्यात खेळ थांबवायचा, सोंगाचा विचारसुद्धा मनात आणायचा नाही.

खेळाआधी मुलांना तोंडी सांगताना सोंग-कांगावाही नको. ‘तू मारल्यासारखं कर, मी रडल्यासारखं करतो’ ही म्हण त्यांच्या आज्यांकडे असतेच. त्यातलं ‘-सारखं करणे’ उचला: ‘लागल्यासारखं करायचं नाही’. दहा वर्षांच्या मुलालाही ते एका दमात कळतं.

गुजराती बाजूला दोन खड्डे आहेत. एक, ‘ताकीद’ तशीच उचलू नका. गुजराती वाचकाला ‘ताकीद’ म्हणजे आधी घाई, तातडी वाटते. तिथे ‘चेतवणी’ लिहा, आणि ती चेतवणी चुकून मराठी पानावर येऊ देऊ नका, कारण आपल्याकडे चूल चेतवतात. दुसरा खड्डा ‘लागणे’चा. मराठीत ‘मला लागलं’, गुजरातीत ‘मने वाग्युं’. गुजराती ‘मने लाग्युं’ म्हणजे मला वाटलं. त्यामुळे घाईत केलेल्या भाषांतरात ‘त्याला वागलं नाही’ असं मराठी वाक्य उतरतं, आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की पोरगं नीट वागलं नाही म्हणून कार्ड मिळालं की काय. मुद्रितं तपासताना ‘वाग’ ही दोन अक्षरं तेवढी शोधून पाहा.