इंग्रजी उत्तम येत असताना इटालियन-इंग्रजी भाषांतरासाठी पुन्हा इंग्रजीचा अभ्यास करावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, एम.ए. इंग्रजी साहित्यात केलं, इटालियन बी-२ म्हणजे मध्यम-प्रगत पातळीपर्यंत आलंय आणि आता या दोन भाषांमधल्या भाषांतरात उतरायचंय. वेळ इंग्रजीवर घालवावा की सगळा जोर इटालियनवर द्यावा, हा तुमचा प्रश्न. मी इटालियनमधून इंग्रजीत तांत्रिक आणि व्यावसायिक मजकूर आणते, म्हणून अनुभवावरून सांगते: इटालियन तर वाढवावं लागेलच, पण काम टिकतं की हातचं जातं हे तुमच्या इंग्रजीवर ठरेल.

या पेशात जुना दंडक आहे की भाषांतरकारानं आपल्या मातृभाषेत लिहावं. त्यामुळे इंग्रजीतून इटालियनमध्ये जाणारं काम इटालियन लोकांकडेच जातं, आणि मला ते योग्यच वाटतं. आपल्याला दार उघडं आहे ते इटालियनमधून इंग्रजीचं. आपली मातृभाषा त्या जोडीत कुठेच नाही, म्हणून इंग्रजी त्या तोलामोलाचं आहे हे आपल्याला दर पानावर सिद्ध करावं लागतं. इटालियन पूर्ण समजायला हवं, अगदी ओळींमधलंही. पण ग्राहकाच्या हातात पडतं ते तुमचं इंग्रजी.

आणि इथेच आपली अडचण आहे. एक वाक्य घ्या. इटालियन कंपनीच्या पत्रात असं सर्रास सापडतं: 'सी प्रेगा दी व्होलेर कोर्तेझेमेन्ते प्रोव्हेदेरे आल्ला सोस्तितुत्सिओने देल फिल्त्रो.' शब्दशः पाहिलं तर 'फिल्टर बदलण्याची तजवीज करण्याची कृपा करावी, अशी विनंती आहे.' आपल्याकडे इंग्रजीत शिकलेला माणूस हे चुटकीसरशी लिहितो: 'यू आर काइंडली रिक्वेस्टेड टु अरेंज फॉर द रिप्लेसमेंट ऑफ द फिल्टर.' व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण लंडनचा किंवा शिकागोचा इंजिनिअर हेच 'प्लीज रिप्लेस द फिल्टर' असं लिहील, आणि ग्राहक पैसे देतो ते त्या चार शब्दांचे. आपलं सरकारी-कचेरी वळणाचं इंग्रजी आणि इटालियन कचेरीची भाषा यांची ठेवण इतकी सारखी आहे की चूक झाल्याचं जाणवतच नाही, उलट वाक्य भारदस्त वाटतं. इटालियन माणसाचं इंग्रजी निदान परकं म्हणून ओळखू येतं, आपलं मात्र अस्खलित असतं, म्हणून ते तपासायचं आपल्या मनात येत नाही.

खुद्द इटलीत या कचेरीच्या भाषेवर भांडणं झालीत. इटालियन कथा-कादंबरीकार इतालो काल्विनो यांनी १९६५ साली एका लेखात तिला 'आन्तिलिंग्वा', म्हणजे भाषेच्या उलटी भाषा, म्हटलं. त्यात एक माणूस पोलिसाला साधं सांगतो की शेगडी पेटवायला तळघरात गेलो आणि तिथे दारूच्या बाटल्या सापडल्या. पोलीस टाइप करताना त्याचं असं काही करतो की बाटलीही ओळखू येऊ नये. आपल्या पंचनाम्यातला 'सदर इसम' आठवला की हे पटकन समजतं. इटालियनमध्ये क्रियापद मोडून त्याचं नाम करायची आणि त्या नामाला आधाराला दुसरं क्रियापद द्यायची सवय फार खोल आहे. ती नामं फोडून पुन्हा क्रियापदं करणं, पाच ओळींचं वाक्य तीन वाक्यांत लावणं, कर्ता पुढे आणणं, हा माझ्या लेखी प्रगत इंग्रजीचा खरा अभ्यास. दुर्मिळ शब्द पाठ करणं त्यात येत नाही. साहित्याच्या एम.ए.त तुम्ही वाचायला शिकलात. असं लिहायला तिथे सहसा कोणी शिकवत नाही.

त्यासाठी पुस्तकं विकत घ्यायची घाई करू नका. युरोपियन कमिशनच्या भाषांतर विभागाची इंग्रजी लेखनाची मार्गदर्शिका नेटवर फुकट आहे. 'युर-लेक्स' या संकेतस्थळावर युरोपियन युनियनचे कायदे दोन भाषांत शेजारी शेजारी उघडता येतात. इटालियन परिच्छेद घ्या, स्वतःचं इंग्रजी लिहा, मग त्यांचं बघा. फक्त तिथल्या इंग्रजीला प्रमाण मानू नका. युरोपियन संस्थांच्या कागदपत्रांत इंग्रजी शब्द कसे चुकीच्या अर्थानं रुळलेत, याची एक यादी युरोपियन युनियनचे हिशेब तपासणाऱ्या युरोपियन कोर्ट ऑफ ऑडिटर्सनंच काढलीये. ती यादी मी तुम्हाला आग्रहानं वाचायला सांगेन, कारण त्यातल्या बऱ्याच चुका फ्रेंच-इटालियन वळणानं आलेल्या आहेत. एखादी शब्दांची जोडी इंग्रजीत खरंच चालते का, हे ठरवायला शब्दकोश पुरत नाही, भाषासंग्रह (कॉर्पस) लागतो, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष वापरलेल्या मजकुराचा शोधता येणारा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये १० कोटी शब्दांचा मजकूर आहे. बोलोन्या विद्यापीठाच्या फोर्लीतल्या भाषांतर विभागातल्या संशोधकांचा हात लागलेले 'यूकेवॅक' (इंग्रजी) आणि 'इटवॅक' (इटालियन) हे वेबवरून गोळा केलेले संग्रह प्रत्येकी सुमारे २०० कोटी शब्दांचे आहेत.

केंब्रिजची सी-२, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीची इंग्रजीची परीक्षा द्यावी का, असंही तुम्ही विचारलंय. तेवढ्यानं काम मिळत नाही. तयारीतल्या लेखनाच्या भागाचा मात्र उपयोग होतो. ही परीक्षा १९१३ साली पहिल्यांदा झाली तेव्हा तीनच परीक्षार्थी होते, तिघंही नापास झाले, आणि तिच्यात भाषांतराच्या प्रश्नपत्रिका होत्या. पुढे भाषांतर त्यातून गेलं. माझ्या मते वाईट झालं, कारण भाषांतरासारखी इंग्रजीची परीक्षा दुसरी नाही.

आता उलट दिशेबद्दल. इंग्रजीतून इटालियन विकायचं नसलं तरी घरी जरूर करा, कारण इंग्रजी काय काय सांगायचं टाळतं ते तेव्हाच दिसतं. 'शी वर्क्ड इन ट्युरिन' हे वाक्य इटालियनमध्ये नेताना ठरवावं लागतं: 'लाव्होराव्हा' की 'आ लाव्होरातो'? ती तिथे काम करायची, की तिनं तिथे काम केलं? इंग्रजीवर डोळा ठेवून बसलात तर उत्तर सापडणार नाही, मराठीत म्हणून बघितलंत तर लगेच सापडेल. 'माय कझिन वॉज टायर्ड' यात थकला की थकली, हे इटालियनलाही मराठीसारखंच विचारावं लागतं. 'मला पुस्तकं आवडतात' याची रचना 'मी पियाच्चोनो ई लिब्री' याच्याशी तंतोतंत जुळते, पुस्तकं कर्ता आणि ज्याला ती आवडतात तो माणूस बाजूला. 'मी पत्र वाचलं, चिठ्ठी वाचली' असं आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. इटालियनमध्येही कर्म सर्वनाम होऊन पुढे आलं की कृदंताचं (क्रियापदाच्या 'केलेलं' अशा रूपाचं) लिंग त्याच्याप्रमाणे फिरतं. बहुतेक वर्ग इटालियन इंग्रजीतून शिकवतात आणि हे सगळं विनाकारण अवघड करून ठेवतात. व्याकरणाच्या नोंदी मराठीत काढा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तांत्रिक कामात उतरलात तर आकडे डोळ्यांत तेल घालून बघा. रांजणगावला फियाट आहे, बारामतीला पियाज्जो आहे, आणि इटालियन यंत्रं वापरणारे छोटे कारखाने पुण्याभोवती आहेतच, त्यामुळे हे काम आपल्या भागात खरंच असतं. इटालियनमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. '१.२५० किलो' म्हणजे साडेबाराशे किलो, सव्वा किलो नव्हे. '२,५' म्हणजे अडीच. वाक्यरचना बिघडली तर ग्राहक नाराज होतो, इथे चुकलं तर यंत्र बिघडतं.

यंत्र-भाषांतराची भीती वाटते, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. इटालियन-इंग्रजी जोडीत यंत्राचा मसुदा गुळगुळीत येतो, आणि आज बरंचसं काम तो मसुदा तपासून सुधारण्याचंच आहे. गुळगुळीत वाक्यातली चूक पकडायला मूळ इटालियन बारकाईनं वाचावं लागतं. वाक्य बरोबर असूनही तसं कोणी लिहीत नाही, हे ओळखायला इंग्रजीचा कान लागतो. तो कान नसलेल्याला या कामात फारसं स्थान उरणार नाही, हे मी लपवून ठेवणार नाही.

पदवी घ्यायची असेल तर इटलीत 'एलएम-९४' या वर्गातले, म्हणजे भाषांतर आणि दुभाषेपणाचे, दोन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम बघा. फोर्ली आणि त्रिएस्ते ही दोन नावं आधी. युरोपियन कमिशनच्या 'युरोपियन मास्टर्स इन ट्रान्सलेशन' या निवडक भाषांतर-अभ्यासक्रमांच्या यादीवरून दर्जा ताडता येतो. फोर्ली हे बोलोन्या आणि रिमिनीच्या मधलं गाव आहे. सरकारी विद्यापीठांत घरच्या उत्पन्नावर ठरणारी प्रादेशिक शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते, तिचा अर्ज वेगळा आणि मुदतही वेगळी असते. पूर्वनोंदणी 'युनिव्हर्सिताली' या इटालियन सरकारच्या पोर्टलवर होते. पदवी प्रमाणपत्रावर अपोस्टिल (ते परदेशात चालावं म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) आणि त्याचं इटालियन भाषांतर लागतं, त्यात वेळ जातो, तेव्हा प्रवेशाचा निर्णय पक्का व्हायची वाट न बघता कागद आत्ताच कामाला लावा.