एकट्या टाकीला कोण विचारतंय

प्रश्न : दादा, मी कुपवाड एमआयडीसीत सेकंड शिफ्टला आहे. सकाळी मोकळा असतो मग गाडी काढून मिरज-तासगाव बाजूला फिरतो आणि पाण्याच्या टाक्या, बंद पडलेली शेड, नवीन प्लॉटिंगचे दगड असलं मोबाईलवर काढत बसतो. शंभरेक फोटो झालेत. घरचे म्हणतात त्यापेक्षा लग्नाच्या ऑर्डरी घे, दोस्त म्हणतात यात बघायचं काय. खरंच काय आहे का यात? आणि कॅमेरा कुठला घेऊ?
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : कॅमेरा आत्ता घेऊ नको. पैसे ठेव.

दोस्तांचंही काय चुकलेलं नाही बघ, एकटी टाकी बघून कुणालाच काय वाटत नसतं. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर हे नवरा-बायको १९५९ पासून हेच करत होते, टाक्या, भट्ट्या, खाणीवरचे मनोरे. सगळं समोरून, ढगाळ उजेडात, माणूस नाही, सावली नाही, आणि मग नऊ किंवा पंधरा फोटो ओळीनं शेजारी शेजारी लावायचे. तसं लावलं की मग दिसायला लागतं, हिचे पाय बारीक, तिचं पोट सुटलंय, ही बांधताना कुणीतरी हौस केलीय. १९९० ला व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं ते शिल्पकलेचं, फोटोंना शिल्पकलेचं, आता बोल! अमेरिकेत एड रुशे नावाच्या चित्रकारानं १९६३ ला २६ पेट्रोल पंपांचं पुस्तक काढलं, त्यात तर नाव आधी ठरलं आणि फोटो नंतर. म्हणजे नियम आधी ठरवायचा आणि मग मन मारून तो पाळायचा, खरं काम ते आहे. सनसेट आवडला म्हणून एक टाकी सनसेटला काढलीस की संपलं.

मी तुझ्या जागी असतो तर तासगावकडची बेदाण्याची शेड धरली असती. लोखंडी अँगल, एकावर एक जाळ्या, हिरवं नेट, आणि एखाद्या ठिकाणी ऊन अडवायला कुणाच्यातरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स, अर्धा चेहरा फाटलेला. सीझन संपल्यावर जुलैत जा, नुसते सांगाडे असतात आणि वर ढग फुकट.

मोबाईलनं जवळून काढलं की टाकी मागं कलल्यासारखी दिसते, म्हणून पार बांधापर्यंत मागं जा, झूम दोन एक्स कर, फोन सरळ धर. फिल्टर नको. कारखान्याच्या गेटवर आधी सांगून टाक, मी एका चिमणीपायी तासभर वॉचमनच्या केबिनमध्ये बसलोय, चहा मात्र दिला बिचाऱ्यानं.

लग्नाच्या ऑर्डरी घे की, पेट्रोल निघतं. पण या रविवारी शंभरातल्या फक्त टाक्या वेगळ्या कर, साध्या प्रिंट मार, फरशीवर तीन-तीनच्या तीन ओळी मांड. जी टाकी सारखी डोळ्यात खुपते ती बदल. जमल्या की नऊ मला पाठव.